आंदणाच्या कपाटाचं भाडं

आमच्या घरात टॉवेल कधी विकत आणावा लागला नाही. आयशा जन्मली तेव्हा तिची लंगोटं, डोकं पुसायची फडकी, अंगाखाली घालायच्या घड्या, सगळं गुफरानच्या टॉवेलांतनं निघालं.

गुफरान माझा धाकटा दीर. गेवराईत हायवेच्या कडेला आमचं लोखंडी कपाटं आणि धान्याच्या कोठ्या करायचं दुकान आहे. कपाट करायचं माझ्या नवऱ्यानं, तौसीफनं, आणि पोचवायचं गुफराननं, त्याच्या टेम्पोतनं. लग्नसराईत बहुतेक कपाटं आंदणाची असतात, आणि आंदणाच्या कपाटाची आमच्याकडे एक रीत आहे. कपाट घ्यावं नवरीच्या बापानं, त्याचं भाडं द्यावं मामानं. टेम्पो मांडवाच्या दारात उभा राहिला की मामानं पुढं व्हायचं, चाकापाशी नारळ फोडायचा, भाडं टेम्पोवाल्याच्या हातावर ठेवायचं आणि वर टॉवेल-टोपी द्यायची. मुसलमानाच्या घरी नारळाऐवजी साखर वाटतात, बाकी सगळं सारखं. त्यामुळं दुकानाच्या बिलात भाडं हा शब्द कधी आलाच नाही. सासऱ्यांच्या वेळेलाही नाही.

टोप्या गुफरान वाटेत ओळखीच्या म्हाताऱ्यांना वाटून टाकायचा. टॉवेल मात्र घरी यायचा. दारातनंच ओरडायचा, "भाभी, आनखी एक आला. ह्याच्यावर मोर हाय." मोराचा टॉवेल आयशाचा. ती त्याच्याशिवाय न्हाऊन बाहेर यायची नाही.

भाडंही तो घरीच आणायचा. सासूबाईंची, मदिनाबींची, एक हिरवी पत्र्याची पेटी आहे. दुकानाचं त्यात, टेम्पोचं त्यात. डिझेलपुरतं आणि पानापुरतं गुफरान मागून घ्यायचा. "दोन भावांत हिशोब असतो का?" असं सासूबाई म्हणायच्या. मला ते ऐकायला फार बरं वाटायचं, कारण मी हिशोब झालेल्या घरातनं आले आहे. नेकनूरला माझ्या अब्बांच्या आणि काकांच्या मधे भिंत आहे. अंगणाच्या मधोमध, लिंबाच्या झाडाला चिकटून. झाड काकांकडं, सावली दुपारनंतर आमच्याकडं. चुलतबहीण आणि मी एका शाळेत जायचो आणि घरी आलो की एकमेकींना दिसायचो नाही. लग्न होऊन इथं आले तेव्हा मी आधी चूल बघितली. एकच होती. ती एकच राहावी, आयशाला भिंतीच्या अलीकडं वाढावं लागू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी तौसीफचा राग, दुकानातला खडखडाट, पत्र्याची धूळ, ह्याचं मी काही मनावर घेतलं नव्हतं.

दुकान माझ्या नावावर आहे. मी बी.कॉम. झालेली, आणि पत्रा वाकवायचं मशीन घ्यायला बँक बाईच्या नावावर कर्ज सोपं देत होती. म्हणून जीएसटीचा नंबर माझा, खातं माझं, आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला मोबाईलनं पैसे घ्यायचा चौकोनही माझाच. त्या चौकोनापासनं रीत बदलायला लागली. मामा लोक आता पुण्याला, नाहीतर चाकणला. लग्नाला ऐन अक्षता पडताना पोचणार. चाकापाशी कोण उभं राहील? मग कपाटाचे पैसे भरतानाच भाडंही त्याच चौकोनावर यायला लागलं.

धर्मापुरीच्या एका लग्नातले तानाजीमामा मला आठवतात. फोनवर म्हणाले, "ताई, भाडं टाकलं बघा तुमच्या खात्यावर. आता नारळबी मोबाईलवरच फोडू का?"

"टॉवेल-टोपी इसरू नका, मामा," मी म्हणाले.

"ती न्हाई हो इसरत. ती मोबाईलमधून जात न्हाई, म्हणून तर राह्यलीय."

तौसीफला हे आवडलं होतं. "एका जागी आलं की बरं. गुफरानच्या खिशात नोटा भिजतेत."

जीएसटी ऑफिसची नोटीस आली तेव्हा मी आयशाला खिचडी भरवत होते. मोबाईलवर आली. माझं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि खाली लिहिलेलं की खात्यात आलेली रक्कम आणि बिलांची रक्कम जुळत नाही, खुलासा करावा. मी घास हातात धरून तशीच बसले. आयशानं माझ्या मनगटाला धरून तो स्वतःच्या तोंडात घातला. त्या दिवसापासून मोबाईल वाजला की मी तो पालथा ठेवून द्यायचे. गॅस कंपनीचा मेसेज असला तरी.

अभिमन्यू वकील आमचे कराचे कागद बघतात. त्यांचं ऑफिस औषधाच्या दुकानावर, जिन्यात नेहमी इंजेक्शनचा वास. आम्ही दोघं गेलो, आयशा माझ्या कडेवर.

त्यांनी खातं बघितलं, बिलं बघितली आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे जास्तीचे पैसे कशाचे हो?"

"भाड्याचे," तौसीफ म्हणाला. "ते आमचे न्हाईत. टेम्पोचे हायत."

"तुमच्या खात्यात आले ना? मग तुमचेच. माल विकताना विकणाऱ्यानं भाडं घेतलं की ते मालाच्या किमतीत मोजतेत. कपाटाला अठरा टक्के, तर त्याच्या भाड्यालाबी अठरा. कपाट जिकडं, भाडं तिकडं."

मी विचारलं, "वकीलसाहेब, भाड्याला पाच टक्के असतात असं वाचलं होतं."

"ते बिल्टी, म्हंजे मालाची पावती, फाडणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं. तुमी ट्रान्सपोर्टवाले हायत का? तुमी कपाटवाले. उद्या ज्वारी विकाल तर ज्वारीला कर न्हाई, मग पोत्याच्या भाड्यालाबी न्हाई. पर तुमी ज्वारी विकत न्हाई."

"म्हंजे सरकार आता मामाच्या नारळावरबी बसलं," तौसीफ म्हणाला.

"मामानं टेम्पोवाल्याच्या हातात दिले असते तर कुणी इचारलं नसतं. साधा टेम्पोवाला, बिल्टी न्हाई, काय न्हाई, त्याच्यावर कर न्हाई. रीत चांगली व्हती की तुमची. मोडली कावून?"

आयशानं टेबलावरचा शिक्का उचलून तोंडात घातला. तो मी काढून घेतला.

मग वकिलांनी वाट सांगितली. दोन वाटा होत्या. एक, कर, व्याज, दंड भरून मोकळं व्हायचं. दुसरी, खुलासा द्यायचा: गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून भाडं त्यांच्या वतीनं घेतलं आणि टेम्पोवाल्याला जसंच्या तसं देऊन टाकलं, स्वतःकडं काही ठेवलं नाही. "पर त्याला टेम्पोवाल्याची सही लागंल. की पैसे मला पोचले म्हणून. आन तो वेगळा धंदा करतो असं दिसलं पायजे. एकाच घरात, एकाच पत्त्यावर सख्खा भाऊ दाखवला तर साहेब हसंल. कुठंतरी खोली घेतल्याचा कागद करा."

उतरताना जिन्यात मी म्हणाले, "आपण भरून टाकू. माझ्या पाटल्या गहाण ठेवू."

"पाटल्या तुझ्या बापानं घातलेल्या हायत का?" तौसीफ म्हणाला. "मी घातल्यात. मशीनचा हप्ता मी भरतोय. आन नोटीस कुणाच्या नावावर हाय? तुझ्या. तुलाच सोडवायला चाललंय हे सगळं."

शुक्रवारी नमाजानंतर दुकान बंद असतं. जेवणं झाल्यावर तौसीफनं वकिलांनी तयार करून दिलेला कागद गुफरानच्या पुढं ठेवला. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं मराठीत लिहिते आहे, पण भांडण कुठल्याही भाषेत तसंच होतं.

गुफरान दहावीपर्यंत शिकलेला. त्यानं कागद सावकाश वाचला, ओळीवर बोट ठेवून. बोट खालच्या रकमेवर थांबलं.

"हे एवढं भाडं?"

"एवढ्या दिवसांचं."

"मी कमावलेलं?"

"टेम्पोनं कमावलेलं," तौसीफ म्हणाला.

"टेम्पो कोण चालवत व्हतं, भाई? भूत?" तो हसला. मग परत वाचलं. "हितं लिव्हलंय की मला पोचले. कवा पोचले?"

"आरं, कागदावर. घरात आले म्हंजे तुला पोचलेच की. तू खाल्लं न्हाईस का? ऱ्हायला न्हाईस का?"

"मग मशीन कशातनं आलं?"

मशीनचं कर्ज माझ्या नावावर, पण आधी भरायची रक्कम हिरव्या पेटीतनं गेली होती. ते सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "भावाभावांत असलं इचारतेत का? तुजं लगीन करायचंय ते त्यातनंच की."

"माजं लगीन." गुफराननं कागद मांडीवर ठेवला. "अम्मी, शेवगावची सोयरीक आलती. पोरीच्या बापानं इचारलं, पोराचं स्वतःचं काय? तुमी काय सांगितलं?"

सासूबाई ताटं उचलायला लागल्या.

"मी दाराआड व्हतो. तुमी म्हणलात, 'त्याचं येगळं काय न्हाई, भावाच्या दुकानावर टेम्पो चालवतो.' तो मानूस चहा अर्धा ठिवून उठला. मला वाटलं, खरंच हाय, माजं काय हाय? टेम्पो जुना, डिझेल मागून घ्यायचं. आन हितं बघा." त्यानं बोट पुन्हा रकमेवर ठेवलं. "हा कागद घेऊन गेलो असतो तर पोरगी दिली असती बे त्यानं."

तो तौसीफला 'बे' म्हणाला. माझ्या ऐकण्यात पहिल्यांदा. तौसीफचा हात उचलला गेला आणि तसाच गुडघ्यावर परत आला.

मी म्हणाले, "सही नका करू, गुफरानभाई. आपण कर भरू. व्याजासकट भरू. हप्ते पुढं ढकलता येतात, मी बँकेत जाऊन बोलते."

"तू आत जा," तौसीफ म्हणाला.

मी गेले नाही. आयशा झोपली होती, तिला मांडीवर घेऊन तिथंच बसले.

गुफराननं माझ्याकडं बघितलं. "भाभीला काय हुईल, सही न्हाई केली तर?"

"हुईल की. नाव तिचं हाय," तौसीफ म्हणाला. "खातं बंद करतेत. वर काय काय करतेत. पोरीला घेऊन हपिसाच्या पायऱ्या झिजवंल ती."

ते खरं नव्हतं, निदान सगळं खरं नव्हतं. कर भरला असता तर कुणाला काही झालं नसतं. मी तसं म्हणालेही, मोठ्यानं म्हणाले. पण माझा आवाज कापत होता, आणि गुफराननं शब्द न ऐकता तेवढं कापणंच ऐकलं.

"सही कुठं?" त्यानं विचारलं.

तौसीफनं जागा दाखवली. गुफराननं सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं. "घ्या. पोचले मला."

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं एक खोली भाड्यानं घेतल्याचा कागद झाला. तौसीफ म्हणत होता, "नुसता कागद हाय, जायचं कुठं न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी गुफराननं आपली गादी, कपडे आणि दाढीचा आरसा टेम्पोत टाकला.

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कावून जातोस रे? लोक काय म्हणतीन?"

"अम्मी, साहेब तपासाय आला तर? खोलीचं भाडं जातंच हाय, मग रिकामी कावून ठिवायची? आन कागदावर खोटं एकदाच बोलावं माणसानं." आयशा त्याच्या पायाला बिलगली होती. तिला त्यानं उचलून माझ्याकडं दिलं, टेम्पोत बसला, आणि हॉर्न न वाजवता गेला. एरवी गल्लीच्या तोंडाशी दोनदा वाजवायचा, तिच्यासाठी.

वकिलांनी खुलासा पाठवला. काही आठवड्यांनी उत्तर आलं: खुलासा मान्य. भाड्यावर कर नाही, व्याज नाही, दंड नाही. तौसीफनं पेढे आणले. वकिलांना अर्धा किलो, शेजारी वाटले, एक माझ्या तोंडात घातला. मी चावत राहिले आणि मनात एकच वाक्य फिरत होतं. आता सरकारनंच मान्य केलं होतं की गुफरानला त्याचं सगळं भाडं पोचलं. उद्या तो कुठल्याही दारात गेला, कुणाही पंचापुढं बसला, तरी त्याची सही आमच्याकडं. पै न् पै पोचल्याची.

"एक पेढा त्याला पाठवा," मी म्हणाले.

"तू म्हणतीस तर पाठवतो," तौसीफ म्हणाला. पाठवला नाही.

त्यानंतर वकिलांनी सांगितलं तसं काम सुरू झालं. माल दुकानात विकायचा, बिल कपाटाचं. पोचवायचं गिऱ्हाईक बघेल. गुफरान दुकानाबाहेर टेम्पो लावून बसायचा, स्वतःचा चौकोन काचेवर चिकटवून. कपाट आतनं बाहेर आलं की गिऱ्हाइकाशी भाव करायचा, आमच्याशी नाही. तौसीफ एकदा म्हणाला, "आरं, आपलं गिऱ्हाईक हाय, जरा कमी घे." तो म्हणाला, "तुमचं हाय. माजं आताच झालं." चहा तो समोरच्या टपरीवर प्यायचा. आयशा दुकानाच्या पायरीवर बसून बघत राहायची. तो तिला बोलवायचा, चॉकलेट द्यायचा, तसा तो लाड करायचा. पण पायरी चढायचा नाही.

सासूबाई दोन डबे भरायच्या. एक मी टेम्पोत नेऊन ठेवायचे. संध्याकाळी डबा धुतलेला, रिकामा, सीटवर असायचा. काही दिवसांनी तिकडं स्टोव्ह आल्याचं कळलं. सासूबाई हिरव्या पेटीवर बसून रडल्या. पेटीत आता फक्त दुकानाचं होतं, आणि ते पुरत नव्हतं.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, नेकनूरलाच. माझे अब्बा, शफी, फळांचा गाडा लावतात. त्यांनी वर्षभर आधी सांगून ठेवलेलं: कपाट जावयाच्या दुकानातनंच. तौसीफनं कपाट चांगलं केलं, आरशाचं, जाड पत्र्याचं. बिल मी लिहिलं. अब्बांच्या नावावर कपाट आणि त्यावरचा कर. भाडं नाही. भाडं माझ्या मामूंचं होतं.

मी आयशाला घेऊन आधीच माहेरी गेले होते. लग्नाच्या दिवशी टेम्पो मांडवात आला. गुफराननं धुतलेला शर्ट घातला होता. मामू पुढं झाले, साखर वाटली, टेम्पोच्या काचेवरचा चौकोन मोबाईलनं टिपला. गुफराननं खिशातनं पावतीपुस्तक काढलं. छापील होतं, वर त्याचं एकट्याचं नाव आणि मोंढ्यामागचा पत्ता. वाहतूक भाडे मिळाले, एवढं लिहून त्यानं मामूंना फाडून दिलं.

मामू हसले. "पावती? सोयऱ्याला?"

"पोचल्याची सही चांगली असती, मामू. पुढं कामाला येती."

अब्बांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. भिंतीच्या घरात राहणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ते गुफरानच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चल, पंगतीला बस. आधी जावयाचा भाऊ, मग टेम्पोवाला."

"न्हाई चाचा. आज टेम्पोवालाच हाय. गेवराईत दुसरं भाडं लागलंय."

मामूंनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात टॉवेल दिला. हिरवा होता, कडेला पिवळी फुलं. आयशा माझा हात सोडून धावली. तिला सवय होती. तिनं दोन्ही हात वर केले. "चाचा, माझा टॉवेल!"

तो खाली बसला. तिच्या नाकाखाली शरबताचा लाल ओघळ होता, तो त्यानं त्या नव्या टॉवेलच्या कोपऱ्यानं पुसला. नीट पुसला. मग टॉवेलची घडी घातली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"हा चाचाच्या खोलीचा, बेटा. तितं एकबी न्हाई."

ती रडली नाही. तिला काय झालं ते कळलं नव्हतं. ती त्याच्या खांद्याकडं बघत राहिली, टॉवेल परत खाली येईल म्हणून.

टेम्पो मागं घेताना त्यानं मान बाहेर काढली. "भाभी, गेवराईला कुणी येणार हाय का? रिकामाच चाललोय."

मला वाटलं तो घरचा म्हणून विचारतोय. मी आत असलेल्या तौसीफला हाक मारायलाच वळले होते. तेवढ्यात त्याची नजर काचेवरच्या चौकोनाकडं गेली आणि परत माझ्याकडं आली. चूक झाल्यासारखी नाही. सहज, कुणाही गिऱ्हाइकाकडं जाते तशी.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही बसनं येऊ."

तो गेला. हमालांनी कपाट उचलून आत नेलं. भिंतीमुळं अंगण अरुंद झालेलं, कपाट वळेना, तिरकं करताना पत्र्याला लिंबाच्या फांदीचा ओरखडा बसला. तौसीफ धावत आला, ओरखड्यावर थुंकी लावून बोटानं घासायला लागला. घासता घासता त्यानं विचारलं, "भाडं किती घेतलं त्यानं?"

"पूर्ण," मी म्हणाले.

"सख्ख्या भावजयीच्या माहेरी?"

"पावती दिलीय. बघायची का?"

तो परत ओरखडा घासायला लागला. भिंतीपलीकडून माझी काकू डोकावून कपाट बघत होती. मी आयशाला कडेवर घेतलं आणि दुपारची सावली आमच्याकडं यायची वाट बघत तिथंच उभी राहिले.